यादीतलं सतरावं नाव

“सोळा झाले,” मुजावर वकील म्हणाले. “आणखी कुणाचं देणं राहिलंय?”

वकिलांच्या टेबलावर काच होती, काचेखाली कुठल्याशा बँकेचं जुनं कॅलेंडर होतं, अण्णा त्याकडे बघत बसले. मी शेजारच्या खुर्चीत मांडीवर वही घेऊन नावं लिहून घेत होते. मला मराठी टायपिंग येत होतं, त्यामुळे कर्जं फिटत नाहीत म्हणून कोर्टात द्यायचा हा अर्ज टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं होतं. वकिलांच्या फीमधून तेवढे तरी वाचतील, असं अण्णाच म्हणाले होते.

“वाईकर, नीट आठवा. नादारीच्या अर्जात एक नाव जरी राहिलं, तरी समोरचा म्हणणार, यांनी लपवलं. एकदा कोर्टाचा विश्वास उडाला की अर्ज गेलाच म्हणून समजा.”

“एक आहे,” अण्णा म्हणाले. “मथुरा नारायण साबळे. राहणार रहिमतपूर.”

माझं पेन थांबलं. मथुरा साबळे म्हणजे माझी आत्या.

“त्यांचा काही कागद आहे? चिठ्ठी, सही?”

“नाही. थोरली बहीण आहे माझी.”

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग कशाला घालता? घरातली गोष्ट आहे, घरात राहू द्या. नाव घातलं की त्यांना नोटीस जाणार. बेलीफ दारात जाऊन उभा राहील. या वयात बहिणीला कशाला असला ताप?”

“देणं आहे ते आहे,” अण्णा म्हणाले. “शपथेवर लिहून द्यायचंय ना? मग लिही, हेमा.”

मी लिहिलं.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. साताऱ्यात आमचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असली कामं. अण्णा स्वतः अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि स्वतःच प्रुफं तपासायचे. त्यांच्या छापखान्यातून ऱ्हस्व-दीर्घाची चूक बाहेर पडत नाही, असं गावात बोललं जायचं, आणि हे ऐकलं की अण्णांचा चेहरा खुलायचा. पण खिळ्यांचे दिवस सरत आले होते. अण्णांनी कर्ज काढून ऑफसेटचं यंत्र घेतलं. पाठोपाठ एका शिक्षणसंस्थेचं मोठं काम मिळालं, दोन वर्षं तिची पुस्तकं छापून दिली, आणि संस्थेच्या कार्यकारिणीत भांडणं होऊन ती बंदच पडली. बिल बुडालं. बँकेने यंत्र उचलून नेलं तरी बँकेचं देणं फिटलं नाही. कागदवाले, शाईवाले, दोन पतपेढ्या, अण्णांचे तीन मित्र. सगळ्यांचे निरोप येऊ लागले. पुढे निरोपांऐवजी माणसंच येऊन ओसरीवर बसू लागली. आई त्यांना चहा द्यायची. चहा घेऊन ती माणसं बसूनच राहायची.

आत्या अण्णांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. सरकारी दवाखान्यात नर्स होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. रहिमतपुरात बदली झाली आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिली. ऑफसेटच्या वेळी तिने आपल्या फंडाची सगळी रक्कम अण्णांच्या हातात ठेवली होती. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा सकाळच्या एसटीने रहिमतपूरला जायचे. आत्याला हप्ता द्यायचे, तिच्याकडे जेवायचे आणि संध्याकाळी परत यायचे. आई शेंगदाण्याच्या चटणीची बरणी बरोबर द्यायची. आत्या मागच्या महिन्याची बरणी धुऊन, तिच्यात कधी लोणचं, कधी मेतकूट भरून पाठवायची. कितीही ओढाताण असली तरी तो रविवार चुकला नव्हता.

खरं सांगायचं तर मला त्याचा रागच यायचा. दारात वसुलीची माणसं बसलेली आणि अण्णा बहिणीचा हप्ता घेऊन चालले, हे मला पटायचं नाही. मी एकदा तसं बोलले, तेव्हा आई म्हणाली, “त्यांना तेवढं एकच ठिकाण उरलंय. राहू दे.”

अर्ज दाखल झाला. कोर्टाच्या हुकमाप्रमाणे नोटीस वर्तमानपत्रात छापून आली. अण्णांनी ती चष्मा लावून वाचली, मग शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढलं आणि ‘नादारी’मध्ये सुटलेला काना घातला. एका ओळीत ‘सदरहू’ चुकलं होतं, तेही दुरुस्त केलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सुनावणी फेब्रुवारीत होती. अण्णांनी धुवट पांढरा शर्ट घातला होता, इस्त्री मी करून दिली होती. आई आली नाही. कोर्टात जाऊन नवऱ्याला उभं केलेलं बघवणार नाही, म्हणाली. सतरा जणांना नोटिसा गेल्या होत्या, त्यातले पाचसहा जण आलेले दिसले. पहिल्या बाकावर कागदवाले शेटे होते. बारा वर्षं त्यांनी अण्णांना उधारीवर कागद दिला होता. माझ्या दहावीच्या निकालाला त्यांनी घरी पेढे पाठवले होते. आता त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही.

मी मागे वळून बघितलं तर शेवटच्या बाकावर आत्या बसलेली. निळ्या काठाचं पांढरं पातळ, मांडीवर कापडी पिशवी, पाठ ताठ. मी अण्णांना हळूच सांगितलं. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

पुकारा झाला. अण्णा पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. मुजावर वकिलांनी विचारलं तसं सगळं सांगितलं. मग न्यायाधीशांनी विचारलं, “कुणाचा विरोध?”

शेटे उठले. “माझा आहे, साहेब. माझे पैसे बुडाले त्याचं एकवेळ सोडून देईन. व्यापारात असं होतं. पण हा माणूस प्रामाणिकपणे सांगत नाहीये. याची मालमत्ता बाहेरगावी आहे.”

“कशावरून?”

“आमचा वसुलीचा माणूस त्या भागात फिरतो. त्याने वाईकरांना रहिमतपूरच्या स्टँडवर उतरताना बघितलंय. एकदा नाही, कितीतरी वेळा. दर महिन्याला. आम्ही मागितले तर खिशात दमडी नाही, आणि दर महिन्याला तिकीट काढून जातात कुठे? तिथे बहीण आहे. जे असेल ते तिच्या नावावर ठेवलेलं असणार. आणि काही ठेवलं नसेल, तर आमचे थकवून तिला गुपचूप देत असणार. दोन्हीपैकी काहीही असलं तरी ही फसवणूक आहे.”

न्यायाधीशांनी अण्णांकडे बघितलं. “तुम्ही दर महिन्याला रहिमतपूरला जाता?”

“जातो.”

“कशासाठी?”

अण्णांनी कठडा धरला.

“बहिणीला पैसे देता?”

“सुरुवातीला देत होतो. अलीकडे नाही.”

“मग कशासाठी जाता?”

अण्णांनी कठड्यावर ठेवलेले हात उचलले, पुन्हा ठेवले. मुजावर वकील पुढे होऊन कुजबुजले, “वाईकर, बोला.” अण्णा खाली बघत राहिले.

अलीकडे नाही? मग तो हप्ता? आम्हाला घरी सांगितलं होतं ते काय? तो क्षण मी विसरू शकलेले नाही, कारण त्या क्षणी माझ्या मनात आलं, शेटे खरंच बोलत असतील तर? ज्या माणसाने वर्तमानपत्रातली स्वतःचीच नोटीस दुरुस्त केली, त्याच्याबद्दल त्याच्या मुलीच्या मनात हे आलं.

“उत्तर दिलं नाहीत तर मला तुमच्या विरुद्ध अर्थ काढावा लागेल,” न्यायाधीश म्हणाले. आवाज कडक नव्हता, पण बोलणं स्पष्ट होतं.

“मी सांगते,” मागून आवाज आला.

आत्या उभी राहिली होती. “मी मथुरा साबळे. त्या यादीत सतरावं नाव माझं आहे.”

तिला पुढे बोलावलं. शपथ देणारा कारकून पुटपुटत होता, तर ती म्हणाली, “मोठ्याने सांगा, मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.” कारकुनाने मोठ्याने सांगितलं, तिने त्याहून मोठ्याने म्हटलं.

“मुकुंद वाईकर दर महिन्याला तुमच्याकडे येतात?” न्यायाधीशांनी विचारलं.

“रहिमतपूरला येतो. माझ्याकडे येत नाही.”

“म्हणजे?”

“पूर्वी यायचा. हप्ता आणायचा, जेवायचा, जायचा. मग एकदा आला नाही. दुपारी स्टँडवरचा चहावाला माझ्या दारात आला. हातात आमच्या भावजयीची, सुमनची, चटणीची बरणी. म्हणाला, बाई, तुमचे भाऊ देऊन गेले, घाईत होते. मला खरं वाटलं, मागची बरणी भरून मी त्याच्याच हाती परत पाठवली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग तिसऱ्या महिन्यात मी स्वतः स्टँडवर गेले.” तिने अण्णांकडे बोट केलं. “हा बाकावर बसलेला होता. हात मांडीवर ठेवून, नुसता. सकाळच्या गाडीने उतरला होता आणि संध्याकाळच्या गाडीची वाट बघत होता.”

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं.

“किती महिने चाललं हे?”

“चौदा. हातात द्यायला काही नाही म्हणून माझ्या दारात येववेना, आणि हप्ता थकला हे घरी सांगवेना. म्हणून यायचा, बसायचा, जायचा. शेटेसाहेब, तुमच्या माणसाने खोटं सांगितलं नाही. स्टँडवरून पुढे हा कुठे जातो ते मात्र त्याने बघितलं नाही. हा कुठेच जात नव्हता.”

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि शर्टाच्या टोकाने काचा पुसत होते. पुसून झाल्या तरी पुसतच होते.

“तुमचं आणखी काही म्हणणं आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

“आहे. माझं नाव त्या यादीतून काढा.”

“पैसे मिळाले तुम्हाला?”

“काही थोडे मिळाले. बाकीचे नाही. पण मी कर्ज दिलंच नव्हतं, साहेब. भावाला दिले होते. यानेच ते कर्ज म्हणून लिहून ठेवलं. त्या दिवसापासून हा माझ्याकडे भाऊ म्हणून आला नाही. हप्ता घेऊन आला. जेवतानाही अवघडून बसायचा. हे पैसे मला कधीच नको होते, आज तर मुळीच नकोत.”

“साहेब,” अण्णा एकदम बोलले. इतका वेळ तोंड न उघडलेला माणूस, पण आवाज खणखणीत निघाला. “नाव काढू नका. ते देणं खरं आहे. मी शपथेवर लिहून दिलंय.”

“मुकुंदा, गप्प बस.”

“अक्का, तू मध्ये बोलू नकोस. तुझा फंड होता तो. सत्तावीस वर्षं रात्रपाळ्या केल्यास.”

“माझ्या रात्रपाळ्या, माझा फंड. कुणाला द्यायचा ते मी ठरवीन.”

“तू काहीही म्हण, मी देणं लागतो.”

“नाही लागत.”

“लागतो!”

“इथे भांडू नका,” न्यायाधीश म्हणाले. पण त्यांनी लगेच समोरचा कागद वर उचलून वाचायला घेतला, आणि तो कागद बराच वेळ त्यांच्या तोंडासमोर राहिला. मग खाली ठेवून म्हणाले, “मी वीस वर्षं या खुर्चीत बसतोय. देणं बुडवायला सख्खे भाऊ एकमेकांना ओळखत नाहीत, हे पुष्कळ बघितलं. हे पहिल्यांदा बघतोय.” ते आत्याकडे वळले. “बाई, त्यांनी शपथेवर लिहिलेलं नाव मला काढता येणार नाही. पण तुमची मागणी नाही, असं तुम्ही लेखी देऊ शकता. वकीलसाहेब तुम्हाला तशी पुरशीस लिहून देतील. म्हणजे त्यांचंही खरं राहील आणि तुमचंही.”

“चालेल,” आत्या म्हणाली.

“शेटे, तुमचं काय?”

शेटे उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. “मालमत्तेबद्दल जे बोललो ते मी मागे घेतो, साहेब,” ते म्हणाले. “पैशाचं माझं म्हणणं आहेच. पण ते कायद्याने जे होईल ते होईल.”

जाताना ते अण्णांच्या जवळून गेले. थांबले नाहीत, पण अण्णांच्या दंडाला हात लावून गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. अण्णा नादार जाहीर झाले. छापखान्यातलं जे विकण्यासारखं होतं ते कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरने विकलं. खिळे वजनावर गेले. जे आलं ते सगळ्यांत वाटलं गेलं, शेट्यांनाही काही मिळालं. दारातली माणसं यायची थांबली. अण्णा दुसऱ्याच्या छापखान्यात प्रुफं तपासायला जाऊ लागले. नादार माणसाने पन्नास किंवा त्याहून जास्त रुपयांची उधारी घेताना, आपण नादार आहोत हे समोरच्याला सांगितलं पाहिजे, असा नियम आहे. मुजावर वकिलांनी तो एकदा सांगितला आणि अण्णांनी तो जपला. किराणावाल्याला, दूधवाल्याला, कोपऱ्यावरच्या भाजीवालीलासुद्धा सांगायचे, “मी नादार आहे हं, आधीच सांगतो.” भाजीवाली म्हणायची, “दादा, कोथिंबिरीची जुडी घेताय, बंगला नाही.” दोन वर्षांनी कोर्टाने त्यांना सगळ्या देण्यांतून मोकळं केलं. त्या दिवशी त्यांनी भाजीवालीलाही जाऊन सांगितलं.

पण मला आठवत राहते ती सुनावणीच्या दिवसाची दुपार.

आम्ही तिघं बाहेर आलो. कोर्टाच्या आवारात अर्ज लिहिणारे टेबलं टाकून बसले होते, त्यांच्या पलीकडे एक दगडी कठडा होता. आत्या तिथे बसली. अण्णा तिच्यापासून हातभर अंतर ठेवून उभे राहिले.

“बस,” ती म्हणाली. ते बसले.

“चौदा महिने त्या बाकावर बसलास. ऊन लागायचं नाही?”

“वर पत्रा आहे.”

“आणि जेवायचास काय? सुमनला वाटायचं माझ्याकडे जेवतोस, म्हणजे तिने डबा दिला नसणार.”

अण्णा म्हणाले, “चहा घ्यायचो. एकदा केळी घेतली होती.”

आत्याने तोंड फिरवलं. पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं केलं. हात बाहेर आला तेव्हा त्यात काही नव्हतं.

माझ्याच्याने राहवेना. “आत्या, तुम्हाला माहीत होतं ना? मग तुम्ही हाक का नाही मारलीत? घर तर पाच मिनिटांवर आहे.”

“दोनदा गेले होते हाक मारायला. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानाआड उभी राहिले. मग परत आले.” ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती अण्णांच्या हातांकडे. “मी समोर गेले असते ना, तर हा पुन्हा स्टँडवरही आला नसता. असं निदान महिन्यातून एकदा दिसत तरी होता.”

“तू बघत होतीस?” अण्णांनी विचारलं.

“दर पहिल्या रविवारी.”

अण्णांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. अण्णांना रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. यंत्र नेलं त्या दिवशीही नाही. आत्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दवाखान्यात पेशंटजवळ बसावं तशी शांत बसून राहिली. अर्ज लिहिणाऱ्यांपैकी एकाने आमच्याकडे बघितलं आणि खुर्ची वळवून घेतली.

थोड्या वेळाने आत्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. “माझी अडीचची गाडी आहे. चल.”

“कुठे?”

“घरी. अजून कुठे?”

“असाच?”

“असाच.”

“अक्का, कपडे नाहीत बरोबर. आणि आज रविवारही नाही.”

“म्हणूनच चल. धोतर तुझ्या मेहुण्यांचं आहे ट्रंकेत, ते नेस. सकाळी वांगी आणून ठेवलीत.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागणाऱ्या पोरासारखं ते बघणं होतं. मला हसू आलं. मी त्यांच्या हातातली कागदांची पिशवी काढून घेतली. “जा अण्णा. मी आईला सांगते.”

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडीला गर्दी नव्हती. आत्या खिडकीशी बसली, अण्णा तिच्या शेजारी. आत्या काहीतरी बोलत होती आणि अण्णा तिच्या उजव्या कानाशी वाकून उत्तर देत होते. गाडी हलली तेव्हा दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही की मला हात करायचा राहिलाय.

मी चालतच घरी आले. आई ओसरीवर उभी होती. सकाळपासून तिथेच उभी असावी असा चेहरा झाला होता. मला एकटीला बघून ती पायरी उतरून पुढे आली.

“काय झालं? हे कुठेत?”

“सगळं झालं, आई. नीट झालं.”

“मग हे कुठेत?”

“अण्णा माहेरी गेलेत,” मी म्हणाले.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने डोळे टिपले आणि विचारलं, “वन्सं कधी पाठवणार म्हणाल्या?”